नवऱ्याच्या पत्त्यावर

...आणि वर तो कचेरीतला क्लार्क मला म्हणतो कसा, "ताता, सुनेला भेटायला रोज जा की, कोण अडवतंय? फक्त घरी आणू नका!" आता तुम्हीच सांगा, सून म्हणजे काय वाचनालयातला पेपर आहे? तिथंच बसून वाचा, घरी न्यायचा नाही? माझी सून हो! माझ्या एकुलत्या एका मुलाची, चारचौघांत, नादस्वराच्या कल्लोळात, अग्नीभोवती फिरून घरी आणलेली बायको! म्हणजे... आणलेली कुठं, तीच तर बोंब आहे! लग्न लागलं, पंगती उठल्या, केळीची पानं गाईंनी खाल्ली, आणि नवरी गेली तिरुवैयारुला, नवरा आला तंजावरला. मधे पाच नद्या. का? तर कायदा! कायदेशीर हो, सगळं कायदेशीर!

थांबा, हसू नका, हसायची जागा अजून आलेली नाही. आली की मी सांगेन. आणि नाही आली तर माझ्यावर रागावू नका, मलाही ती अजून सापडलेली नाही.

मी अप्पाजी. ह्याच तंजावर–तिरुवैयारु बसवर कंडक्टर होतो, आता रिटायर. शाळा आठवीपर्यंत, त्यातली सातवी मास्तरांच्या मेहेरबानीनं आणि आठवी त्यांच्या कंटाळ्यानं. उरलेलं शिक्षण बसमध्ये झालं. माणसानं पायरीवर पाय ठेवला की मी सांगायचो, हा कोर्टात चाललाय, हा देवळात, आणि हा तिकीट काढणार नाही. थट्टेची खोड जन्माची. एक पोलीस बायकोशी भांडून बसला होता, तिच्या माहेराकडं फिरकत नव्हता. एके दिवशी बसमध्ये घोरत पडलेला दिसला. त्याला मी नेमका सासुरवाडीच्या दारात "तुमचा स्टॉप आला, सार!" म्हणून उतरवला आणि शिट्टी मारून बस सोडली. त्या दिवाळीला त्याच्या बायकोनं मला डबाभर मुरुक्कू, म्हणजे तुमच्या चकल्या, पाठवले. तर तुम्हाला सांगतो, अशा माणसाची थट्टा सरकारनं करावी? आणि तीही न हसता? अहो, थट्टा करणाऱ्यानं निदान शेवटी तरी हसायचं असतं!

तुम्ही पुण्या-साताऱ्याकडचे लोक आमची मराठी ऐकून गालातल्या गालात हसता, ठाऊक आहे मला. हसा. आमचे वाडवडील तीनशे वर्षांपूर्वी राजाबरोबर इकडं आले आणि परत जायचं विसरले. कुणी त्यांना विचारलं नाही, काय हो, परमिट आहे का, किती दिवस राहणार, कुणाच्या घरी उतरणार? तलवार घेऊन आलं की परमिट लागत नाही. व्हायोलिन घेऊन आलं की लागतं.

व्हायोलिन घेऊन आली ती इल्डिको. हंगेरी म्हणून एक देश आहे, तिथली. आमच्या गल्लीत तिची झाली इलुबाई. तिरुवैयारुला कृष्णाजीराव म्हणून आमच्यातलेच एक व्हायोलिनचे गुरू आहेत. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, चष्म्याच्या वर राग. त्यांच्याकडं ती शिकायला आली, त्यांच्याच घरी राहायला. तिच्या देशात व्हायोलिन उभ्यानं मानेखाली धरून वाजवतात म्हणे. इथं मांडी घालून बसायचं, एक टोक छातीशी, दुसरं पायाच्या घोट्याशी. पहिले काही महिने तिचं व्हायोलिन कमी आणि गुडघेच जास्त वाजले. पण पोरगी चिवट! गुरूंच्या बायकोनं, नागलक्ष्मीबाईंनी, तिला रसम शिकवलं, कोलम, म्हणजे दारातली रांगोळी, काढायला शिकवलं आणि बोलता बोलता मराठी शिकवली. आमच्या घराघरातली पोरं मराठी समजतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात. ही कुठल्या कुठली पोरगी मला विचारते, "मामा, जेवलांत का?" काय म्हणायचं हो?

आणि आमचा प्राणेश! मोठ्या देवळाच्या रस्त्यावर त्याचा फोनचा बूथ आहे. पिवळी पाटी, काचेची खोली, आत एक पंखा, तो वारा देत नाही, नुसती तक्रार करतो. तेव्हा नवीनच निघाले होते ते बूथ. देशात सगळंच नवीन निघत होतं. परदेशी साबण आला, परदेशी सरबत आलं, गच्चीगच्चीवर टीव्हीच्या ताटल्या लागल्या आणि घराघरात परदेशी बाया नाचायला लागल्या. त्यांना कुणी विचारलं का, बाई, कुणाच्या घरी उतरलात? नाही! आणि ही बिचारी सहावारी नेसून, डोक्यात मल्लिगैचा गजरा माळून, आईला फोन करायला यायची तर... तर काय, लाइन लागायची नाही. प्राणेश नंबर फिरवतोय, फिरवतोय, ही बाकावर बसलीय. आता नंबर फिरवायला बोट लागतं, तोंड तर मोकळंच असतं! बोलणं सुरू झालं. एका शनिवारी मी तिथं बसलेलो, लाइन पहिल्या झटक्यात लागली, आणि दोघांचे चेहरे असे उतरले... मी म्हटलं, अप्पाजी, लाइन लागली! फोनची नव्हे.

लग्नाला तिची आई येऊ शकली नाही, दुखणाईत. वडील कधीच गेलेले. मग कन्यादान कोण करणार? भटजी अडून बसले, "दान द्यायला कुणीतरी हवं ना, आपोआप कसं होईल?" कृष्णाजीराव चष्मा सावरत उठले, "मी देतो. पोटच्या मुलीसारखं वागवलंय आम्ही तिला." नागलक्ष्मीबाईंच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही. पत्रिका छापली, 'कृष्णाजीराव यांची कन्या'. सगळं गाव म्हणालं, वा! काय शोभून दिसतंय! दिसत होतंच. तेव्हा दिसतच होतं.

आणि मग गेलो आम्ही त्या कचेरीत. नाव कशाला घ्या, परदेशी माणसांच्या नोंदी करणारी कचेरी म्हणा. तिथं मणी म्हणून क्लार्क, मला ताता म्हणतो, म्हणजे आजोबा. कपाळाला विभूती, कानावर पेन, माणूस वाईट नाही हो, वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. मी पेढे पुढं केले आणि म्हटलं, "मणी, ही माझी सून. आता हिला आमच्या घरी राहू दे." त्यानं पेढा तोंडात टाकला, कागद उलटले.

"ताता, हिचं परमिट काय म्हणतं? विद्यार्थिनी. पत्ता कुठला? गुरूचा, तिरुवैयारु. नवा अर्ज तुमच्या मुलानं केलाय, बायको म्हणून. तो मंजूर होईपर्यंत ही कोण?"

"माझी सून!"

"विद्यार्थिनी."

"अरे, मग लग्न झालं ते?"

"झालंय की. अभिनंदन." आणि दुसरा पेढा उचलला!

मी म्हटलं, पत्ता बदलून टाक मग. तर म्हणतो, "पत्ता बदलला की जुनं परमिट तपासणीला जाणार. जुनं तपासणीत असेल तर नवा अर्ज हलणार नाही. नवा हलला नाही आणि तेवढ्यात जुन्याची मुदत संपली, की..."

"की काय?"

मणी बिचारा खाली बघायला लागला. हळूच म्हणाला, "की विमान, ताता. आणि एकदा गेल्यावर पुन्हा सगळं पहिल्यापासून. मिळेल, नाही मिळणार, मी काय सांगू?"

म्हणजे कळलं का तुम्हाला? बायको म्हणून राहायचं असेल तर बायकोनं विद्यार्थिनी म्हणून लांब राहायचं. लांब राहिली तरच जवळ यायला मिळेल. आणि जवळ आली की कायमची लांब! मी आयुष्यभर लोकांना उलट्या बसमध्ये बसवलं हो, पण इतकी उलटी बस माझ्याही बघण्यात नव्हती. पण कायदेशीर! सगळं कायदेशीर!

मी म्हटलं, जाऊ दे, चार दिवस गुपचूप आणू घरी, कोण बघतंय? तर सूनबाईच नाही म्हणाली. "मामा, नको." एवढंच. मग एकदा ओट्यावर शेंगा सोलता सोलता तिनं सांगितलं. तिच्या आजीचा धाकटा मुलगा तरुणपणी दंगलीत, कागदपत्राशिवाय, सीमेपलीकडं निघून गेला होता. परत यायची परवानगी नाही. आजी त्याची वाट बघत बघत म्हातारी झाली, गेली. तो लांबच्या देशात, आणि आजी तिकडं घरी. "एका कागदासाठी, मामा." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. मला एक विनोद सुचला होता, तो मी गिळला. मी विनोद गिळला, म्हणजे बघा!

मग सुरू झाली आमची नवलाई. प्राणेश संध्याकाळी बूथला कुलूप लावायचा, पळत पळत बस गाठायचा आणि स्वतःच्या बायकोला भेटायला परगावी जायचा. तिथं गुरूंची शिस्त! रियाज चालू असताना जावई असो की जिल्हाधिकारी असो, बाहेर ओट्यावर. ओट्याला आम्ही तिण्णै म्हणतो. तर तिण्णैवर हा बसलाय, आतून व्हायोलिन, एकच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा, आणि कृष्णाजीरावांचा आवाज, "चुकलं. परत." ती परत वाजवतेय. "चुकलं. परत." आणि बाहेर नवरा घड्याळ बघतोय, परतीची बस! शेवटी एकदा ती बाहेर येणार, एका टोकाला ती, एका टोकाला हा, आणि मधे कृष्णाजीराव पानाला चुना लावत, "काय मापिळ्ळै, बूथ कसा काय चाललाय?" अहो, जावई काय बूथच्या गप्पा मारायला नद्या ओलांडून आलाय? नागलक्ष्मीबाई आतून खुणा करतायत, या की आत, अहो या की आत! गुरूंना राग कळतो हो, खुणा कळत नाहीत. तेवढ्यात बसचा हॉर्न. पोरगा पळाला!

घरी आला की विचारायचो, "काय म्हणाली?"

"म्हणाली, बस चुकेल."

हे नवविवाहितांचं बोलणं!

आणि एक दिवस नागलक्ष्मीबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांच्या दारात पोलीस आला होता. काही नाही, शेजाऱ्याची सायकल चोरीला गेलेली, चौकशी करत फिरत होता. कडी वाजली, हिनं खिडकीतून खाकी शर्ट बघितला. बाई म्हणतात, "अहो, मी दार उघडून 'सायकल नाही बघितली' सांगेपर्यंत ही मागून आली. पायात चपला. हातात पिशवी, तीत दोन साड्या. गळ्यात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. व्हायोलिन काखेत. काही विचारलं नाही, रडली नाही, उभी राहिली, चला म्हणून." तो पोलीस बिचारा घाबरला, त्याला वाटलं सायकल हिनंच चोरली! ...हसायची जागा होती ही. मी हसलो नाही.

कारण काय, पिशवी आधीच भरलेली होती. दाराच्या मागं. रोज.

त्यात परमिटची मुदत संपत आली. ते वाढवायचं तर गुरूंचा दाखला हवा, शिक्षण समाधानकारक चालू आहे म्हणून. मी गेलो दाखला आणायला. कृष्णाजीराव म्हणतात, "समाधानकारक? अप्पाजीराव, ते वर्णम् अजून तिच्या हातात बसलेलं नाही. मी खोटं कसं लिहू?"

मी म्हटलं, "अहो, तुमची मुलगी आहे ती! तुम्ही दान दिलंय!"

"मुलगी म्हणून उत्तम आहे. विद्यार्थिनी म्हणून गमक कच्चं आहे."

"गमक कच्चं म्हणून पोरीला विमानात बसवाल?"

"मग पक्कं करूया की!" आणि आत हाक, "इल्डिको! चल, परत!" आठवडाभर त्या गल्लीत कुणी झोपलं नसेल. शेवटी दाखला मिळाला. त्यावर काय लिहिलं? 'प्रगती समाधानकारक, परंतु गमकांकडे अधिक लक्ष हवे.' मणीनं वाचलं आणि कपाळाला आठ्या! "ताता, हे गमक म्हणजे काय? ह्याच्यावरून वरचे काही विचारणार तर नाहीत?" मी त्याला गमक म्हणजे काय ते गाऊन दाखवलं. सगळी कचेरी उठून दारात आली. मुदत लगेच वाढवून दिली, मी गायचं थांबवावं म्हणून.

आणि मग आला चौकशीवाला. लग्न खरं आहे की कागदापुरतं, हे बघायला कचेरी माणूस पाठवते, न सांगता, नवऱ्याच्या घरी. इथं! ह्या घरी! मी अंगणात धोतर वाळत घालतोय, प्राणेश बूथवर, आणि दारात हा जाड मिशीचा गृहस्थ. "प्राणेशरावांची बायको कुठं आहे?"

तुम्हाला सांगतो, मी मागं वळून घरात नजर टाकली. घरात बाईमाणसाची एक खूण नाही हो! माझी ही जाऊन बरीच वर्षं झाली. दोरीवर बघावं तर धोतर, धोतर, लुंगी, धोतर. आरशाच्या कडेला एक टिकली चिकटलेली नाही. दारात कोलम आहे, ते मी काढलेलं, बदकासारखं दिसतं. गृहस्थ बघतोय, दोरीकडं बघतोय, बदकाकडं बघतोय, आणि विचारतोय, "बायको कुठंय?" खरं सांगावं, परगावी राहते, तर हा लिहिणार 'एकत्र राहत नाहीत, लग्न खोटं'. खोटं सांगावं, इथंच राहते, तर परमिट म्हणणार 'पत्ता मोडला'. इकडं विहीर, तिकडं कचेरी!  मी वर बघितलं. वर भिंतीवर कॅलेंडर.

"सार," मी म्हटलं, "आडी महिना आहे ना!"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आडी म्हणजे तुमचा आषाढ-श्रावणातला महिना. ह्या मुलखात लग्नानंतरच्या पहिल्या आडीत नवरीला माहेरी पाठवतात. नवऱ्याजवळ ठेवत नाहीत, नाहीतर ऐन उन्हाळ्यात बाळंतपण येतं. तमिळ पाठवतात, आम्हीही पाठवतो, तीनशे वर्षांत तेवढं तरी शिकलो!

त्या गृहस्थाचा चेहरा असा फुलला! "अय्यो, बरोबर की! माझीसुद्धा मुलगी आलीय घरी, जावई रोज फोन करतो, मी देतच नाही!" मग तर म्हणतो, "ती इथं सापडली असती तर मीच संशय घेतला असता, ही कसली माणसं म्हणून. माहेर कुठलं?" मी पत्रिका दाखवली. 'कृष्णाजीराव यांची कन्या, तिरुवैयारु.' परमिटवरचा पत्ता, तिरुवैयारु. दोन्ही जुळलं! विद्यार्थिनी म्हणून जिथं हवी तिथंच, आणि नवी नवरी म्हणून जिथं हवी तिथंच! कॉफी प्याला, पत्रिका फायलीला लावायला घेतली, माझ्या बदकावरून जपून पाय टाकत गेला. मी एकटाच अंगणात नाचलो हो! कायदेशीर! सगळं कायदेशीर!

आडी संपला.

आडी संपायचाच होता, त्यात त्याची काय चूक? पण वरून पत्र आलं. वरून म्हणजे मद्रासहून की दिल्लीहून, ते मणी सांगत नाही, नुसतं बोट पंख्याकडं करतो. पत्रात काय? मणीनंच वाचून दाखवलं. 'अर्जदाराच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव फेरेन्स, हंगेरी. सोबतच्या पत्रिकेवर वडिलांचे नाव कृष्णाजीराव, तिरुवैयारु. वडील भारतीय असल्यास मुलीस परमिट का लागते? नसल्यास कन्यादान करणारे हे गृहस्थ कोण? खुलासा व्हावा.'

मी म्हटलं, "मणी, खुलासा लिही ना! आमच्यात बाप नसला तर दुसरं कुणी बाप होऊन देतं!"

"ताता, दुसरं कुणी बाप होऊन देतं... हे मी सरकारी भाषेत कसं लिहू?"

लिहिलं शेवटी. गुरूंचं प्रतिज्ञापत्र, भटजींचं प्रतिज्ञापत्र. भटजींनी त्यात दोन श्लोक घातले, ते काढायला लावले. फाइल पुन्हा वर. आणि मणी म्हणाला, "आता पुन्हा चौकशी होणार. आडी संपलाय, ताता. आता बायको नवऱ्याजवळच दिसायला हवी. आणि विद्यार्थिनी गुरूजवळच." मी विचारलं, "एकाच वेळी?" म्हणाला, "शक्यतो."

त्या रविवारी आम्ही सगळे तिरुवैयारुला तिण्णैवर बसलो. कृष्णाजीराव, नागलक्ष्मीबाई, प्राणेश, मी. सुतक असल्यासारखे. कृष्णाजीराव म्हणाले, एक दिवसाआड पाठवू का? मी म्हटलं, तो नेमका मधल्या दिवशी येईल. नागलक्ष्मीबाई म्हणाल्या, माझी साडी नेसवून माझ्या भाचीला तुमच्याकडं ठेवू का? मी म्हटलं, बाई, मी लबाड आहे, पण तुमच्याएवढा नाही. हिला कुठं ठेवावं, कशी न्यावी, कशी आणावी... डोकी पिकली आमची. आणि इलुबाई खांबाला टेकून ऐकत होती. मधेच म्हणाली, "मामा, प्राणेशला परमिट लागतं का?"

"त्याला कशाला? तो इथलाच."

"तो कुठंही राहू शकतो?"

"कुठंही! कोण अडवणार?"

"मग," ती म्हणाली, "तो का हलत नाही?"

तुम्हाला सांगतो... कृष्णाजीरावांच्या हातातलं पान तसंच राहिलं. इतके महिने! दोन गावं, एक कचेरी, आडीतला तो मिशीवाला, भटजी, सगळे मिळून एकच कोडं घालत बसलो होतो, बायकोला कसं हलवायचं. नवरा हलू शकतो हे एकाच्या, एकाच्याही टाळक्यात आलं नाही! येणार कसं? बायको नवऱ्याच्या घरी येते! नदी उताराकडंच जाते, तसं! आमच्या घराण्यात तीनशे वर्षांत मुलगा सासरी पाठवलेला नाही हो!

नागलक्ष्मीबाई तर लगेच उठल्या, "वरची खोली रिकामीच आहे!" आणि प्राणेशकडं बघितलं, तर त्यानं मनातल्या मनात ट्रंक भरलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी गेलो मणीकडं. एकटाच. म्हटलं, "मणी, नवरा जाऊन तिथं राहिला तर चालत नसेल, नाही का?" त्यानं नियमांचं पुस्तक चाळलं. "नवऱ्यानं कुठं राहावं, ह्यावर काहीच नाही, ताता."

"नीट बघ."

"बघितलं."

"मागची पानं?"

मणीनं माझ्याकडं बघितलं, पुस्तक मिटलं, आणि स्वतःच्या डब्यातली इडली माझ्यापुढं सरकवली. पहिल्यांदाच. म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

मुलीची पाठवणी सगळ्यांनी बघितलीय. मुलाची बघितलीय कुणी? मी केली! त्याची ट्रंक, गादी, त्याच्या आईनं भरतकाम केलेली उशी. माझ्याच जुन्या बसनं गेलो. नवा कंडक्टर ओळखीचा, म्हणतो, "काय अप्पाजी अण्णा, दुबईला पाठवताय का मुलाला?" मी म्हटलं, सासरी. अख्खी बस हसली. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं हसलो, एवढ्या मोठ्यानं की डोळ्यांतून पाणी आलं, आता हसताना येतंच ते, त्यात काय? आणि तिथं नागलक्ष्मीबाई हातात आरती घेऊन उभ्या, जावयावरून ओवाळतायत, आणि मागं इलुबाई. हात रिकामे. दाराआडची ती पिशवी खिळ्याला लटकलेली, तीत कांदे.

मग तो चौकशीवाला तिकडं जाऊन आला. दोघं एका घरात, एका ताटाला ताट लावून जेवताना दिसली, विद्यार्थिनी गुरूच्या घरात, बायको नवऱ्याजवळ. खूश होऊन लिहून गेला म्हणे. मंजुरी? मंजुरी कुठं! फाइल वर आहे. पंख्याकडं. पण विमान टळलं हो, निदान वर्षभर तरी टळलं. प्राणेश सकाळच्या बसनं बूथवर येतो, संध्याकाळी जातो, बस चुकली तर चिडतो. पोरगी गमक घोटतेय. सगळं कायदेशीर!

नागलक्ष्मीबाई म्हणाल्या, "तुम्हीही या की इकडेच, एकटे काय करता तिथं?" मला काय, हवंच होतं! मी वळकटी बांधली, शेजारच्यांना किल्ली दिली, आणि जाता जाता मणीला सांगायला गेलो. तर तो ताडकन उठला. "ताता, नको! फायलीत नवऱ्याचा पत्ता तंजावरचा आहे! मंजुरीचं टपाल तिथंच येणार. दाराला कुलूप दिसलं, टपाल परत गेलं, की फाइल बंद! मंजुरी येईपर्यंत त्या घरात घरचं माणूस हवं. रोज. अगदी आडीतसुद्धा!"

म्हणून तर तुम्हाला इथं सापडलो. सकाळी सडा घालतो, कोलम काढतो, आता बदकाचा मोर व्हायला लागलाय. भाजी आणतो, स्वयंपाक करतो, पोस्टमन येऊन जाईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. गल्लीतल्या बायका विचारतात, काय हो अप्पाजी, ती इलुबाई तुमच्या घरी नांदायला कधी येणार? मी सांगतो, सून नांदतेय तिच्या माहेरी, मुलगा नांदतोय त्याच्या सासरी... आणि प्राणेशच्या घरी नांदायला कुणीतरी हवंच होतं ना, तर मी नांदतोय.